भीमेच्या माशांची आठ पानं : प्रस्तावना

श्रीगोंदा तालुक्यातलं पेडगाव मराठी माणसाला दोन कारणांनी ठाऊक असतं. एक म्हणजे वेड घेऊन पेडगावला जाण्याची म्हण. दुसरं म्हणजे भीमेच्या काठावरचा बहादूरगड, जिथे १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांना कैद करून आणलं गेलं. पेडगावची तिसरी ओळख मात्र आपल्यापैकी फारच थोड्यांना आहे. जगातल्या कुठल्याही मोठ्या मत्स्यसूचीत हे गाव 'पैरगाव' अशा इंग्रजी वळणाच्या स्पेलिंगने नोंदलेलं सापडतं. इथल्या भीमेत धरलेले काही मासे १८३९ मध्ये शास्त्राच्या दप्तरात पहिल्यांदा दाखल झाले आणि त्यांच्या नावापुढे 'भीमा नदी, पेडगाव' हा पत्ता कायमचा लागला. या पत्त्याला शास्त्रात मोठा मान असतो. उद्या एखाद्या माशाच्या ओळखीबद्दल वाद झाला, तर शेवटी त्याच्या पहिल्या नोंदीकडे आणि त्या पहिल्या जागेकडेच परत जावं लागतं.

हे पुस्तक त्या माशांच्या चित्रांचं आहे. १८४१ मध्ये लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीच्या 'ट्रान्झॅक्शन्स'मध्ये 'दख्खनचे मासे' या विषयावर एक दीर्घ लेख छापला गेला. त्याला जोडलेली आठ चित्रपानं हा या संग्रहाचा गाभा आहे. बाकीची चित्रं त्याच शतकातल्या इतर ग्रंथांतून घेतली आहेत. ती कशासाठी घेतली, ते पुढे ओघाने येईलच. लेखाचे कर्ते होते कर्नल विल्यम हेन्री साइक्स.

साइक्स (१७९०–१८७२) हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेतले अधिकारी. १८१७ च्या खडकीच्या लढाईच्या धामधुमीत ते दख्खनमध्येच होते. पेशवाई बुडाली आणि कंपनीला नव्या मुलखाचा हिशेब हवा झाला. मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी १८२४ मध्ये साइक्स यांना त्यासाठी नेमलं. पुणे, अहमदनगर, खानदेश आणि धारवाड या चार कलेक्टरी जिल्ह्यांतली गावं, माणसं, पिकं, जमिनीचे हक्क, बाजारभाव, पाऊस, हवेचा दाब असं सगळं मोजायचं, नोंदायचं, असं ते काम होतं. १८२९ च्या अखेरीस हा हुद्दा सरकारने रद्द केला, तरी साइक्स यांनी लष्करी कामातून रजा मिळवून अहवाल पुरे केले आणि १८३१ मध्ये ते मायदेशी गेले.

या माणसाला काय काय दिसलं त्याची यादी थक्क करणारी आहे. दख्खनच्या कोळसुंद्याला, म्हणजे रानकुत्र्याला, त्यांनी १८३१ मध्ये शास्त्रीय नाव दिलं. १८३२ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांची सूची छापली. आपल्या माळरानावरच्या एका चंडोलाला पक्षीनिरीक्षक आजही त्यांच्याच नावाने ओळखतात. अकोले तालुक्यातल्या हरिश्चंद्रगडावर, कड्याखालच्या धुक्यात दिसणारं पूर्ण गोल इंद्रधनुष्य आज गिर्यारोहकांना परिचयाचं आहे. त्याचं वर्णन साइक्स यांच्या १८३५ मध्ये रॉयल सोसायटीने छापलेल्या दख्खनच्या हवामानावरच्या निबंधात आहे. म्हणजे नगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाचा कडा आणि दक्षिण टोकाची नदी, दोन्ही एकाच माणसाच्या टिपणवहीत होती. पुढे ते कंपनीच्या संचालक मंडळाचे अध्यक्ष झाले, ॲबर्डीनहून पार्लमेंटवर निवडून गेले. ते सगळं त्यांच्या चरित्रकारांनी लिहिलं आहे आणि इथे त्याची गरज नाही.

मासे ही त्या सर्वेक्षणाची उशिरा छापली गेलेली फळं. लेख १८३८ मध्ये सोसायटीपुढे वाचला गेला, त्याचा सारांश १८३९ मध्ये आला आणि चित्रांसह पूर्ण मजकूर १८४१ मध्ये. म्हणून या माशांच्या शास्त्रीय नावांपुढे 'साइक्स, १८३९' असं लिहिलेलं असतं. त्यात ४६ जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक तोवर शास्त्राला अपरिचित होत्या. समुद्रसपाटीपासून दीड-दोन हजार फुटांवरच्या नद्यांमध्ये, म्हणजे भीमा, मुळा-मुठा, इंद्रायणी, घोड यांच्या पाण्यात, हे मासे मिळाले. पुण्याच्या उत्तरेला १८ मैलांवर इंद्रायणीत एक, शिरूरच्या घोड नदीत दुसरा, टेंभुर्णीच्या भीमेत तिसरा, अशा जागा त्यांनी लिहून ठेवल्या. पेडगाव त्यांत पुन्हा पुन्हा येतं.

मासा कागदावर आणणं पक्षी किंवा फूल आणण्याहून किती अवघड आहे, हे चित्रं पाहण्याआधी समजून घ्यायला हवं. पक्ष्याचं कातडं भरून ठेवता येतं, पिसांचा रंग शंभर वर्षं टिकतो. वनस्पती दाबून वाळवता येते. मासा पाण्याबाहेर आला की त्याची झळाळी काही मिनिटांत जायला लागते. पोटाची रुपेरी छटा मळकट होते, परांवरची लाली उतरते, कल्ल्याजवळचा ठिपका पुसट होतो. दारूच्या बरणीत टाकला की तो कुजत नाही, पण रंग पार उडून सगळे मासे एकाच करड्या-पिवळट रंगाचे दिसतात. परांचे पडदे फाटतात, खवले गळतात. दख्खनच्या उन्हाळ्यात तंबूत राहणाऱ्या माणसाला एवढी दारू आणि एवढ्या बरण्या बैलांवर लादून हिंडवणंही सोपं नव्हतं. त्यामुळे नदीकाठीच, मासा ताजा असताना, चित्र काढणं हाच खात्रीचा मार्ग होता. साइक्स यांनी तोच धरला. ताज्या माशाची कंपासने मापं घेऊन, मोजपट्टी जोडून, आकृत्या तयार करवून घेतल्या. नुसत्या नजरेने रेखाटलेलं आणि मापून रेखाटलेलं चित्र यांतला फरक पुढच्या दीडशे वर्षांत किती महत्त्वाचा ठरला, ते पुढे सांगणार आहे.

या चित्रांची एक ठरलेली शिस्त आहे. मासा बहुतेक वेळा डावीकडे तोंड करून असतो. आजूबाजूला पाणी नसतं, शेवाळ नसतं, दगड नसतो. सगळे पर पसरलेले असतात, कारण परातले काटे मोजता आले पाहिजेत. कल्ल्यापासून शेपटीपर्यंत जाणारी पार्श्वरेषा ठळक काढलेली असते. पाण्याच्या दाबातला बदल माशाला ज्या अवयवाने कळतो तो या रेषेत असतो आणि तिच्यावरच्या खवल्यांची संख्या जातीगणिक ठरलेल्या मर्यादेत असते. मिशा किती, त्या कुठून फुटतात, ओठ कसा दुमडला आहे, पाठीवरच्या पराचा पहिला काटा गुळगुळीत आहे की करवतीसारखा दातेरी, या सगळ्याला चित्रकाराने जागा द्यायची असते. सुंदर दिसण्यासाठी यांतलं काहीही वगळायचं नाही. तरीही ही चित्रं सुंदर आहेत. खवल्यांच्या ओळीवर ओळी सरकत जातात तिथे कारागिराचा हात किती स्थिर असेल ते बघत राहावंसं वाटतं.

कागदावरचं चित्र छापायचं तर त्या काळी दोन वाटा होत्या. जुनी वाट तांब्याच्या पत्र्याची. पत्र्यावर पोलादी कोरणीने रेघ खोदायची, खोदलेल्या रेघेत शाई भरायची, वरची पुसून टाकायची आणि ओलसर कागद दाबाखालून काढायचा. छटा हवी असेल तर रेघा जवळजवळ घ्यायच्या, अंधार हवा असेल तर एकावर एक छेदून घ्यायच्या. एक चुकीची रेघ दुरुस्त करायला पत्रा मागून ठोकून पुन्हा घासावा लागे. दुसरी वाट दगडाची. मुंबई-पुण्यात ज्या शिळाछापावर पोथ्या आणि पंचांगं निघाली, तोच हा छाप. बव्हेरियातल्या गुळगुळीत चुनखडीच्या फरशीवर तेलकट खडूने चित्र काढायचं, फरशी ओली करायची, मग शाई फक्त तेलकट जागी धरते. अठराव्या शतकाच्या अखेरीस निघालेली ही युक्ती प्राणिशास्त्राला फार मानवली, कारण खडूची मऊ छटा माशाच्या अंगाला शोभते. शतकाच्या सुरुवातीच्या ग्रंथांतली चित्रं बहुधा तांब्यावरची आणि उत्तरार्धातली बहुधा दगडावरची असतात. या पुस्तकात ती शेजारी-शेजारी ठेवली आहेत. वाचकाने भिंग घेऊन बघावं. तांब्यावरची रेघ टोकाला निमुळती होत जाते, दगडावरच्या छटेत बारीक कण दिसतात.

दोन्ही वाटांत एक धोका होताच. लंडन, पॅरिस किंवा एडिंबरोत बसून खोदणाऱ्या कारागिराने मूळ मासा कधी पाहिलेला नसायचा. त्याच्यापुढे फक्त नदीकाठचं रेखाटन असे. हजारो किलोमीटरवरच्या नदीतला मासा त्याला कागदावरून कागदावर आणायचा होता. खवल्यांची एखादी ओळ वाढली, मिशी थोडी सरकली, तर त्याला कळायला मार्ग नव्हता. म्हणूनच चित्राबरोबरचा मजकूर तितकाच मोलाचा. साइक्स यांनी प्रत्येक जातीसाठी परातल्या काट्यांचे आकडे, अंगाचं प्रमाण, मिळाल्याची जागा आणि खाण्यातली चव यांच्या नोंदी दिल्या आहेत. चित्र आणि मजकूर एकमेकांना पारखून घेतात.

मजकुरात एक उणीवही आहे आणि ती सांगायला हवी. दख्खनच्या माशांना बसवायला साइक्स यांच्यापुढे जे कप्पे होते ते युरोपातल्या ग्रंथांतले होते, मुख्यतः पॅरिसच्या क्यूव्हिएचे. त्यामुळे भीमेतल्या काही माशांना त्यांनी युरोपीय नद्यांतल्या 'काँड्रोस्टोमा' या प्रजातीत टाकलं, तर मिशाळ माशांना 'हायपोफ्थॅल्मस', 'फ्रॅक्टोसेफॅलस', 'एजिनिओसस' या दक्षिण अमेरिकेतल्या प्रजातींची नावं दिली. भीमा आणि ॲमेझॉन यांची ही सोयरीक टिकणं शक्य नव्हतं. पुढच्या अभ्यासकांनी ती नावं बदलली. आज ते मासे 'लॅबिओ', 'गारा', 'सिऱ्हिनस', 'रीटा', 'सिलोनिया' अशा नावांखाली आहेत. पण जातीचं नाव, म्हणजे दुसरा शब्द, बहुतेक ठिकाणी साइक्स यांनी ठेवलेलाच राहिला, आणि तो शब्द पुष्कळदा नदीकाठच्या माणसाचा आहे. खुद्री, कोलस, बोगट, फुलंगी, मुल्या, पोटैल, टाकरी, गोंगवारी, इचकी, शिंगटी ही नावं इंग्रजी स्पेलिंगमधून थोडी वाकडी होऊन आली असली, तरी ती भोई-कोळ्यांच्या तोंडची आहेत हे लपत नाही. 'रोहटी' हे तर एका संपूर्ण प्रजातीचं नाव झालं. इंद्रायणीतल्या ज्या माशाच्या नाकाडावर खाच असते आणि तोंड मोडल्यासारखं दिसतं, त्याचं नाव 'नुक्ता'. नगरच्या माणसाला त्याचा अर्थ सांगावा लागणार नाही.

थोड्या जातींना मात्र साइक्स यांनी आपल्या लंडनच्या वर्तुळातल्या विद्वानांची नावं दिली. ओगिल्बी, व्हिगर्स, यारेल, ओवेन, चिल्ड्रेन. ब्रिटिश माशांवर दोन खंड लिहिणारे विल्यम यारेल यांचं नाव दख्खनच्या एका धिप्पाड मिशाळ माशाला मिळालं. झूऑलॉजिकल सोसायटीच्या स्थापनेत पुढे असलेले निकोलस व्हिगर्स पेडगावच्या एका चपट्या, रुपेरी माशात अमर झाले. हा त्या काळचा शिष्टाचार होता आणि आजही शास्त्रात तो चालतो. मला त्यात एकच गोष्ट सलते. ज्याने पाग टाकून तो मासा धरला आणि त्याचं नाव, त्याचा डोह, त्याचा हंगाम साहेबाला सांगितला, त्या पेडगावच्या माणसाचं नाव कुठेही आलेलं नाही. त्याने सांगितलेले शब्द मात्र लॅटिन नावांत शिल्लक आहेत. या संग्रहातलं प्रत्येक पान म्हणूनच मी निदान दोन माणसांच्या श्रमाचं मानतो.

आता मघाशी बाजूला ठेवलेला मुद्दा. साइक्स यांनी वर्णन केलेल्या बहुतेक जातींचे मूळ नमुने आज कुठल्याही संग्रहालयात उपलब्ध नाहीत. शास्त्रात नवी जात जाहीर करताना ज्या माशावरून वर्णन केलं तो जपून ठेवण्याचा शिरस्ता पुढे पक्का झाला, पण या माशांच्या बाबतीत तसा आधार राहिला नाही. त्यामुळे उरलं काय? मजकूर, चित्र आणि नदीवरची ती जागा. हे तीनच साक्षीदार.

याचा अर्थ काय होतो ते दोन उदाहरणांवरून कळेल. १९९२ मध्ये उजनी जलाशयातल्या एका चपट्या माशाला नवी जात म्हणून 'ऑस्टिओब्रामा भीमेन्सिस' असं नाव देण्यात आलं. भीमेचं नाव मिळालेला मासा म्हणून त्याचं अप्रूपही होतं. पुढे पुण्याच्या संशोधकांनी भीमेच्या खोऱ्यातले मासे पुन्हा गोळा केले, खवले आणि काटे मोजले आणि ते साइक्स यांच्या वर्णनाशी ताडून पाहिले. २०११ मध्ये त्यांनी दाखवून दिलं की हा मासा नवा नाही, साइक्स यांचा 'व्हिगर्साय'च आहे, पेडगावचा. एकाच नदीतल्या एकाच माशाला दीडशे वर्षांच्या अंतराने दोनदा नाव दिलं गेलं होतं आणि तो गुंता सोडवायला पुन्हा पेडगावच्या नोंदीकडेच यावं लागलं.

दुसरं उदाहरण जास्त गंभीर आहे. शिरूरच्या घोड नदीतल्या एका माशाला साइक्स यांनी 'मुसुल्ला' म्हटलं. कावेरीत पाठीला कुबड असलेला एक अवाढव्य महसीर आढळतो, जगभरच्या गळवाल्यांत तो प्रसिद्ध आहे. विसाव्या शतकात अनेक अभ्यासकांनी कावेरीच्या त्या महसीराला 'मुसुल्ला' हेच नाव लावलं. साइक्स यांच्या मूळ मजकुराकडे बारकाईने परत जाऊन २०१३ मध्ये अभ्यासकांनी दाखवलं की घोड नदीचा मुसुल्ला महसीरच नाही, तो 'हिप्सेलोबार्बस' या वेगळ्या प्रजातीतला आहे. कावेरीच्या कुबडधारी महसीराची खरी ओळख 'टॉर रेमादेवी' म्हणून २०१८ मध्ये निश्चित झाली, आणि ओळख पटल्यानंतरच त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून होऊ शकली. ज्या माशाला स्वतःचं नाव नाही त्याच्या रक्षणाची मागणी तरी कोणाच्या नावाने करणार?

कावेरीत त्या महसीरावर संकट आणणाऱ्या कारणांपैकी एक पुन्हा साइक्स यांच्याच पानांवरचं आहे, म्हणून तेही सांगतो. मुळा-मुठेत, पुण्याच्या पूर्वेला, साइक्स यांना जो 'खुद्री' मिळाला तो आपला दख्खनी महसीर. धरणं आणि सुरुंगांची मासेमारी यांनी तो घटत गेला तेव्हा लोणावळ्याला टाटा वीज कंपनीच्या तळ्यांवर त्याची कृत्रिम पैदास सुरू झाली. मत्स्यशास्त्रज्ञ चं. वि. कुलकर्णी यांचं त्यातलं काम मोलाचं आहे. तिथली पिल्लं देशभर वाटली गेली, कावेरीतही सोडली गेली. तिथे हा पाहुणा फोफावला आणि मूळच्या कुबडधारी महसीराची जागा व्यापत गेला. हेतू चांगला होता. पण कोणता मासा कुठल्या नदीचा, हे साइक्स यांनी इतकं नेमकं लिहून ठेवण्यामागे अर्थ होता, तो त्या वाटपात सुटला.

इथे या संग्रहातल्या इतर चित्रांचं कारण येतं. साइक्स यांच्या आधी, १८२२ मध्ये, फ्रान्सिस हॅमिल्टन यांचा गंगेच्या माशांवरचा ग्रंथ एडिंबरोत निघाला. त्यात ३९ चित्रपानं आहेत, ती तांब्यावरची. हॅमिल्टन यांनी बंगालमध्ये असताना देशी चित्रकारांकडून माशांची चित्रं काढून घेतली होती. १८१५ मध्ये भारत सोडताना सरकारने त्यांची चित्रं कलकत्त्यात अडकवून ठेवली, तरी जवळ राहिलेल्या साहित्यावर हा ग्रंथ उभा राहिला. कटला, रोहू आणि मृगळ या तिन्ही माशांची शास्त्रीय नावं हॅमिल्टन यांनी ठेवलेली आहेत. त्यांतही स्थानिक नावंच आहेत.

आता नगरच्या, राहुरीच्या किंवा श्रीगोंद्याच्या बाजारात माशांच्या पाटीपुढे उभं राहून बघा. पाटीत कटला असतो, रोहू असतो, मृगळ असतो. हे गंगेचे मासे. मुळा, भंडारदरा, उजनी, जायकवाडी अशा जलाशयांत त्यांचं बीज सोडलं जातं आणि मच्छीमार संस्थांची मिळकत बरीचशी त्यांच्यावर चालते. त्यांच्याशेजारी चिलापी असते. तिचं मूळ आफ्रिकेत. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ विल्हेल्म पीटर्स यांनी १८५२ मध्ये मोझांबिकच्या नदीतून तिची नोंद केली आणि बरोबर शंभर वर्षांनी, १९५२ मध्ये, ती भारतात आणली गेली. म्हणजे पाटीत हॅमिल्टन यांचा ग्रंथ आहे, पीटर्स यांचा आहे, आणि साइक्स यांचा शोधावा लागतो. भीमा आणि घोड ज्यांची नदी, ते मासे त्याच नदीच्या बाजारात अल्पसंख्य झाले आहेत. या पुस्तकात हॅमिल्टन यांचा कटला साइक्स यांच्या पोटैलसमोरच्या पानावर छापायचा आग्रह मी धरला तो याचसाठी.

मच्छीमारांना यात दोष देता येणार नाही. वाहत्या नदीतला, खडकावरचं शेवाळ खरवडून खाणारा मासा धरणाच्या थांबलेल्या पाण्यात टिकत नाही. पाणी थांबलं की थांबलेल्या पाण्यात वाढणारा मासा लागतो, आणि कुटुंब चालवायचं तर तो भराभर वाढणाराच लागतो. प्रवरेवर भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्ये पुरं झालं. भीमेवर उजनी १९८० मध्ये. नगर जिल्हा अवर्षणाचा, त्याला धरणांची गरज होती आणि आहे. ज्या जिल्ह्याने दुष्काळ इतके सोसले त्याला पाणी अडवू नका असं कोणी सांगू नये. पण आपण काय मिळवलं ते जसं मोजतो तसं काय गमावलं तेही मोजलं पाहिजे, आणि मोजायला सुरुवातीचा आकडा लागतो. आपल्या सुदैवाने तो आकडा आहे. धरणांच्या आधीच्या, कारखान्यांच्या आधीच्या, पंपांच्या आधीच्या भीमेत काय होतं ते १८२४ ते १८३१ या काळात एका माणसाने मापून ठेवलं आहे. महाराष्ट्रातल्या फार थोड्या नद्यांना अशी नोंद लाभली.

पेडगावच्या वरच्या अंगाला रांजणगाव सांडसजवळ मुळा-मुठा भीमेला मिळते. पुण्याचं आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी तिच्यातून भीमेत येतं. उन्हाळ्यात पूर्वी भीमेचा प्रवाह आटून डोह राहत आणि डोहांत मासे तग धरून राहत. आता डोहांतली वाळू उपसली गेली आणि जे पाणी उरतं त्यात शहराचा मळ असतो. साइक्स यांच्या यादीतले किती मासे अजून पेडगावला आहेत, याचं उत्तर नदीत उतरूनच द्यावं लागेल.

शतकाच्या उत्तरार्धातलं एक नाव राहिलं. फ्रान्सिस डे, मद्रास फौजेतले शल्यचिकित्सक, पुढे हिंदुस्थान सरकारच्या मत्स्य खात्याचे प्रमुख. १८७५ ते १८७८ या काळात निघालेल्या त्यांच्या 'द फिशेस ऑफ इंडिया' या ग्रंथात जवळपास दोनशे चित्रपानं आहेत, दगडावर काढलेली, जॉर्ज हेन्री फोर्ड आणि मिंटर्न यांच्या हातची. साइक्स यांच्या कित्येक जाती डे यांनी पुन्हा तपासल्या, काही एकत्र केल्या, काहींची जागा बदलली. एकच मासा आधी साइक्स यांच्या पानावर आणि मग डे यांच्या पानावर बघितला तर चाळीस वर्षांत नजर किती तीक्ष्ण झाली ते दिसतं. फोर्ड यांच्या चित्रात प्रत्येक खवल्याला कड असते आणि ओलसर चमकही असते. कारागिरी म्हणून डे यांची पानं सरस आहेत. तरीही पेडगावच्या माशांसाठी मला साइक्स यांचीच पानं जवळची वाटतात, कारण ती पहिली आहेत आणि त्यांच्याखाली आपल्या नद्यांची नावं आहेत.

ही चित्रं चौकटीत घालून भिंतीवर लावली जातात. जुन्या छापांचा बाजार आहे, ग्रंथ उसवून एकेक पान विकलं जातं. पान सुटलं की त्याचा मजकूर सुटतो, जागेचं नाव सुटतं, आणि राहते ती फक्त एक देखणी माशाची आकृती. म्हणून या पुस्तकात प्रत्येक चित्रासमोर तीन गोष्टी दिल्या आहेत. साइक्स यांच्या नोंदीचा मराठी गोषवारा, आजचं शास्त्रीय नाव आणि मासा जिथे मिळाला त्या जागेचा आजचा तालुका. पानं सुटी करू नयेत, एवढी विनंती.

एक विनंती आणखी, आणि ती मुख्यतः अहिल्यानगर जिल्ह्यातल्या महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांना आहे. अहमदनगर कॉलेज १९४७ पासून आहे. श्रीगोंदा, कर्जत, राहुरी, लोणी, संगमनेर, सगळीकडे आता विज्ञानाची महाविद्यालयं आहेत. तुमच्या मुलांना प्रयोगशाळेतल्या बरणीतला मासा दाखवता, त्याआधी त्यांना एकदा पेडगावला न्या. पावसाळ्याआधी एकदा आणि पाणी निवळल्यावर एकदा. काठावरच्या भोई-कोळ्यांना ही आठ पानं दाखवा आणि कुठला मासा अजून मिळतो, कुठला शेवटचा कधी पाहिला, त्याला ते काय म्हणतात, हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. सांगणाऱ्याचं नाव, त्याची परवानगी घेऊन, त्या नोंदीवर घाला. ते गेल्या वेळी राहून गेलं. मासा मिळाला तर डावी बाजू वर करून, शेजारी मोजपट्टी ठेवून, ओला असतानाच फोटो काढा, जागा आणि तारीख लिहा आणि त्याला परत पाण्यात सोडा. ज्या म्हाताऱ्या मासेमारांना खुद्री आणि नुक्ता हातात धरल्याचं आठवतं ते आज सत्तरीच्या पुढे आहेत. हे काम येत्या उन्हाळ्यात सुरू करा.